ब्रशभर पेस्ट, अर्धी वाटी पाणी

सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर मी मास्तर होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, नोकरी पक्की झाली होती आणि अंगात जेवढा शहाणपणा कमी होता तेवढा तोरा जास्त होता. घरात मोरी असूनही दात घासायला मी ओट्यावर येऊन उभा राहायचो. मोरीत घासले तर बघणार कोण? पाड्यातली माणसं करंजाची काडी चावत नाहीतर राखेचं बोट दातांवर फिरवत समोरून जायची आणि मी तोंडभर पांढरा फेस आणून त्यांच्याकडे बघायचो. तेव्हाच्या माझ्याइतका मूर्ख माणूस मला पुढे भेटला नाही, आणि मास्तरांच्या बैठकांना मी पुष्कळ बसलो आहे.

मुलगी वर्षाची झाली, पुढचे दात दिसू लागले, तसा मी खोडाळ्याच्या बाजारातून तिला छोटा ब्रश आणला. त्यावर पेस्ट लावली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर शेवटी झुपका काढून. खोक्यावरच्या चित्रात तशीच होती. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात लहान मुलांसाठी काही सूचना छापलेली होती, ती मी वाचली नाही. दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवण्याचा पगार मिळायचा, स्वतः वाचण्याचा नाही.

शाळेतही तोच प्रकार. फळ्यावर भलामोठा ब्रश काढायचा, मग खडू आडवा धरून त्यावर पेस्टची लाट. ज्या पोरांच्या घरी ब्रश कोणी पाहिलेलाच नव्हता, त्यांच्याकडून मी ‘पेस्ट ब्रशभर लावावी’ हे वाक्य घोकून घेतलं. तपासणीला आलेले साहेब चित्रावर खूश झाले. त्यांचे स्वतःचे दात तंबाखूने तपकिरी झाले होते.

एप्रिलात विहीर तळाला जायची. आमची घरमालकीण दरीत उतरून झिऱ्यातलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायची आणि त्यातला एक हंडा आमच्या दारात ठेवायची. म्हणून पाण्याची काटकसर मी मोठ्या शिस्तीने करायचो. मुलीला चूळ भरायला अर्धी वाटी पाणी. मे महिन्यात तेही बंद. पंच्याच्या टोकाने तोंड पुसलं की झालं. पेस्टला मात्र काटकसर नव्हती. पेस्ट गोड होती, मुलगी ‘अजून’ म्हणायची, मी अजून द्यायचो आणि आमच्या मुलीला दात घासायची किती आवड आहे ते चार लोकांना सांगायचो.

एकदा हंडा टेकवता टेकवता घरमालकीण थांबली.

“गुरुजी, पोर थुकत नाय. सगला गिलते ती.”

“पोटात गेली तरी औषधीच असते, मावशी,” मी म्हणालो. “तुम्हाला नाही कळायचं त्यातलं.”

ती चुंबळ उचलून पुढच्या खेपेला गेली. मी तिची नक्कल करून बायकोला दाखवली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. तीन वर्षं हे असंच चाललं.

पुढे माझी जव्हारला बदली झाली. मुलगी सात वर्षांची असताना तिचे दुधाचे दात पडून नवे आले ते खडू फासल्यासारखे, पांढऱ्या ठिगळांचे. आम्ही तिला नाशिकला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासून झाल्यावर त्यांनी मुलीला तिच्या आईबरोबर बाहेर पाठवलं आणि लहानपणी पेस्ट किती लावत होतात ते विचारलं. मी अंगठा आणि तर्जनी फाकवून दाखवलं, वर थोडा अभिमानही असावा.

“तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पुरते,” त्या म्हणाल्या. “पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. मोठ्या माणसाने लावून द्यायची आणि थुंकायला लावायचं. पेस्ट वाईट नाही, फ्लोराइडने दात किडायचे वाचतात. पण तिचे हे दात आत तयार होत होते तेव्हा ती रोज पेस्ट खात होती. दात मजबूत आहेत, काळजी करू नका. डाग मात्र घासून जाणार नाहीत.”

तांदळाचा दाणा! भाताच्या खाचरांच्या मधोमध राहून मला हे दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागलं.

बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, “बाबा, कशाने झालं हे?”

“पाण्याने,” मी म्हणालो. “त्या पाड्यावरचं पाणी खराब होतं.”

खोटं बोलायला मला क्षणाचाही वेळ लागला नाही, याची मला आजही किळस येते. बायकोला मी खरं काय ते त्याच रात्री सांगितलं. तीही गप्प राहिली, कारण तीही हसली होती. मुलगी तोंडावर हात ठेवून हसायला शिकली. वर्गात कोणी दातांवरून चिडवलं की ती पाण्याचं कारण सांगायची.

ती तेरा वर्षांची असताना घरमालकिणीच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. मांडवात बसतो न बसतो तोच म्हातारी घासलेला तांब्या घेऊन आली आणि तिने तो आधी मुलीपुढे केला.

“नको,” मुलगी म्हणाली. “याच पाण्याने माझे दात खराब झालेत.”

म्हातारीने तिच्या दातांकडे नीट पाहिलं. तिचे दोन्ही मुलगे शेजारीच उभे होते, जन्मभर त्याच झिऱ्याचं पाणी प्यालेले, दोघांचेही दात लख्ख. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं आठवत होतं. मी मान खाली घातली.

“हां बाय,” ती मुलीला म्हणाली, “आमचा पानीच वंगाल.”

आणि तांब्या घेऊन ती आत गेली. मुलीला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्यात पंगत बसली आणि मी हात धुऊन जेवायला बसलो.