राहीबाईची फोर-बाय-फोर

जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस बोनेट उघडतो, टायर बघतो, फार तर किलोमीटरच्या आकड्यावर संशय घेतो. सुप्याचा गहिनीनाथ शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याकडे गाडी बघायला गेला तो घरून पितळेचा तांब्या घेऊन. बाकीचं सगळं त्यानं केलंच. अर्धा तास गाडीखाली पाठ टेकून पडला, ऑइलचं झाकण काढून वास घेतला. मग तांब्या गळ्यापर्यंत पाण्याने भरून मागच्या सीटवर ठेवला आणि हॉटेलच्या मॅनेजरला म्हणाला, "आता मागच्या खडीच्या रस्त्यानं एक चक्कर मारू." मॅनेजरला वाटलं, हा काहीतरी करणीचा प्रकार दिसतोय. चक्कर मारून आले तर सीट कोरडी. गहिनीनाथने तिथल्या तिथे गाडी पक्की केली.

अठरा वर्षांची जपानी फोर-बाय-फोर होती ती. चामड्याच्या सीटा, खाली दणके झेलणारे झुलते शॉक, पासिंग पुन्हा करून घेतलेलं. गावाने गहिनीनाथची यथेच्छ चेष्टा केली. कारखान्यात मेंटेनन्स फिटर असलेल्या माणसाने दारात हत्ती बांधल्यावर दुसरं काय होणार? "हत्ती घेतलास, आता चाऱ्याचं बघ," असं पारावरून कोणी म्हटलं की तो हसून पुढे जायचा. तांब्याचं कारण त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

कारण घरात खाटेवर बसलेलं होतं. त्याची आई राहीबाई दोन वर्षांपूर्वी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण जरा दणका बसला की ती कळवळायची. जीप, टेम्पो, रिक्षा, सगळ्यांत बसवून पाहिलं, वेशीपर्यंतसुद्धा जाता आलं नाही. आणि तिची थोरली बहीण साळूबाई पारनेरच्या पुढे पठारावरच्या वस्तीत अंथरुणाला खिळलेली. शेवटचा चार मैलांचा रस्ता नुसत्या दगडांचा, मध्ये ओढा. साळूबाईची नजर गेलेली, त्यामुळे मोबाईलवर चेहरा दाखवूनही उपयोग नव्हता. "राही, तू मला हातानं बघायची हाईस गं," एवढंच ती फोनवर म्हणायची. आताशा तिचा आवाजही खोल गेला होता.

गाडी श्रावणात आली. त्यानंतरची प्रत्येक सुट्टी गहिनीनाथने तिच्याखाली काढली. गॅरेजवाल्याच्या हातात त्याने ती दिली नाही, कारण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ब्रेक उतरवले, पट्टा बदलला, शॉकचे कुजलेले रबर काढून नवे ठोकले. दर वेळी खोललेले बोल्ट तो जुन्या परातीत ओळीने लावायचा, आणि त्याची बायको चांगुणा म्हणायची, "माझी परात कधी सुटायची तुमच्या तावडीतून?"

राहीबाईचं काम वेगळं होतं. सकाळी काठी टेकत ती गाडीपाशी यायची आणि काचेच्या तळाशी, वायपरजवळ, झेंडूची दोन-तीन फुलं ठेवायची. तिच्या लेखी ते गाडीचं कपाळ. दसऱ्याला तर तिथे फुलांचा ढीग झाला. गहिनीनाथला बरं वाटायचं. दोन वर्षांत आई आपण होऊन उंबऱ्याबाहेर आली होती ती या गाडीपायी.

कार्तिकात ओढ्याचं पाणी उतरलं. रविवारी निघायचं ठरलं. शनिवारी सकाळी गहिनीनाथने गाडी अशी धुतली की जणू नवरीच न्यायचीय, आणि किल्ली फिरवली. समोरचे सगळे दिवे एकदम लागले. पण गाडीने हूं की चूं केलं नाही.

त्याच वेळी पठारावरून साळूबाईच्या सुनेचा फोन आला. "मामंजींनी सगळ्यांना बोलवून घेतलंय. आत्याबाईंचं काय खरं न्हाई. राहीमावशीला आणा लवकर." गहिनीनाथने लगेच गावातल्या नबीलालला बोलावणं धाडलं. त्याने आईला काही सांगितलं नाही, पण ती ओसरीतून त्याच्या पाठीकडे बघत होती.

नबीलाल धावत आला. वायरिंगच्या कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. तासभर त्याने वायरी तपासल्या आणि मान हलवली. "नाथाभाऊ, गाडीचा कॉम्प्युटर बसला. दुसरा मागवायचा म्हणजे महिना धरा."

"महिना न्हाई माझ्याकडं, नबीभाई."

गहिनीनाथ ड्रायव्हरच्या शेजारच्या दाराशी खाली बसला आणि आधाराला म्हणून त्याने आत हात टेकवला, तो गालिचा गच्च ओला. धुताना दारं तर बंद होती. कारखान्यात तो नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवायचा: आधी पाणी कुठून येतंय ते बघ, मग पाना उचल. स्वतःच्या गाडीला मात्र तो सकाळपासून पाना घेऊनच भिडला होता. त्याला स्वतःचाच राग आला.

त्याने पाण्याचा माग काढला. गालिचावरून वर, कॉम्प्युटरच्या डबीवरून वर, थेट काचेच्या तळापर्यंत. वायपर काढले, खालची प्लास्टिकची जाळी उचकटली आणि दोघंही बघत राहिले. आत कुजलेल्या झेंडूचा काळा लगदा साचला होता. पाणी बाहेर जायची भोकं बुजली होती. आणि त्या लगद्यात, जरा उजेडाच्या बाजूला, झेंडूची पाच-सहा हिरवीगार रोपं उभी होती.

"या अल्ला," नबीलाल म्हणाला, "तुमच्या गाडीत तर शेती हाय!"

गहिनीनाथ आधी हसला, मग त्याने ओसरीत बसलेल्या आईकडे पाहिलं. "आईला बोलू नका," तो हळूच म्हणाला. रोपं त्याने ऑइलच्या कापलेल्या डब्यात लावून तुळशीमागे ठेवली.

डबी उघडली. नबीलालने जुन्या ब्रशने आणि स्पिरिटने एकेक पिन साफ केली. चांगुणाने बाजेवर धुतलेलं धोतर अंथरलं, डबी उन्हात ठेवली आणि कोंबड्या हाकलत शेजारीच बसून राहिली. दरम्यान गहिनीनाथने भोकं मोकळी केली आणि जाळीखाली खिडकीची डास-जाळी कापून बसवली. आता आईने रोज टोपलीभर फुलं वाहिली तरी हरकत नव्हती.

चार वाजता डबी जागेवर बसली. नबीलाल मनातल्या मनात काहीतरी पुटपुटला. गहिनीनाथने किल्ली फिरवली. गाडी एकदा खाकरली आणि चालू झाली. गहिनीनाथने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि लहान पोरासारखा रडला. नबीलालने रेडिएटरकडे काही काम असल्यासारखं केलं.

रविवारची वाट त्यांनी पाहिलीच नाही. तासाभरात निघाले. राहीबाई मागच्या सीटवर उशीला टेकून बसली, मांडीवर लुगड्याच्या पदराखाली काहीतरी झाकलेलं. दगडांच्या रस्त्यावर गहिनीनाथचे डोळे रस्त्यापेक्षा आरशातच जास्त होते. "दुखतंय का गं?" तो विचारायचा. "म्होरं बघ," ती म्हणायची. ओढ्यात त्याने छोटा गिअर टाकला आणि गाडी पाण्यातून निवांत चालत गेली. राहीबाई एकदाही कळवळली नाही.

साळूबाई जागी होती. राहीबाई खाटेवर टेकली, तेव्हा थोरलीने हात पुढे केला, धाकटीचं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, गालावरचा चामखीळ सापडल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. "वाळलीस गं," ती म्हणाली.

"तू कुठं जाडी हाईस?" राहीबाई रडत म्हणाली, आणि पदराखालून ऑइलचा डबा काढून तिच्या हातात दिला. "हे घे. झेंडूची रोपं हायेत. माझ्या गाडीत उगवल्यात."

दारात उभा असलेला गहिनीनाथ चपापला. राहीबाईने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"मीच बंद पाडली हुती," ती बहिणीला सांगत होती, "पर पोरानं मला कळू दिलं न्हाई."