माझ्या अक्षरातला जबाब

पहिली काठी बाबांच्या उजव्या मनगटावर बसली तेव्हा त्यांचा हात मागाच्या दांड्यावर होता. माग बंद करायला गेलेला हात. पळायला नाही. मारायला नाही.

मी दोन हात अंतरावर उभी होते, जेवणाचा डबा घेऊन. इचलकरंजीजवळच्या आमच्या गावात गल्लोगल्ली यंत्रमाग. बाबा एका शेठच्या शेडमध्ये विणकर. मी तेव्हा बारावीला होते, दुपारी त्यांचा डबा पोचवायचं काम माझं. त्या दिवशी भाकरी आणि घेवड्याची आमटी होती. हे का लक्षात राहिलं कोण जाणे. ती आमटी नंतर कुणी खाल्ली नाही.

शेठच्या सुताच्या काही पेट्या मोजणीत कमी भरल्या होत्या. त्यांनी चौकीत जाऊन बाबांचं नाव सांगितलं. शेडमध्ये आठ विणकर. नाव एकट्या बाबांचं. का, ते आमच्या आडनावाला विचारा.

हवालदार दोन शिपाई घेऊन आत आला. बाबांना म्हणाला, "चल रं."

बाबा मोठ्यानं बोलतात. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेली माणसं तशीच बोलतात. ते ओरडूनच म्हणाले, "येतो सायेब. माग तेवढा थांबवतो."

मी ऐकलं. हवालदारानंही ऐकलं, कारण तो म्हणाला, "माग गेला खड्ड्यात."

विणकर चालता माग सोडून जात नाही. घरात कुणी गेल्याचा निरोप आला तरी आधी दांडा ओढतो, मग रडतो. धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला तर कापड वाया जातं. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाबा सवयीनं दांड्याकडे वळले.

"पळतोस व्हय रं?"

मनगट. मग कोपर. मग पाठ. बाबा खाली बसले तरी काठ्या थांबल्या नाहीत. खाली बसलेला माणूस कुठं पळणार होता? बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, वाचव म्हणतायत.

ते म्हणाले, "दांडा वड, पोरी."

मी ओढला. बापाला मारत होते आणि मी माग बंद केला. काठी धरली नाही, मध्ये पडले नाही. बाकीच्या विणकरांनीही एकेक करत आपापले माग थांबवले. शेड गप्प झाली. काठीचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आला.

चौकीत बाबांना फरशीवर बसवलं होतं. मनगट सुजून मांडीएवढं झालेलं. हवालदारानं मला विचारलं, "काय शिकतीस?"

"बारावी."

त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. "मग लिव्ह. बापाला घरी न्यायचा हाय न्हवं?"

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. माझे वडील शेडमध्ये पाय घसरून पडले. त्यामुळे त्यांच्या हाताला लागले. पोलिसांनी मारहाण केलेली नाही. आमची कोणाबद्दलही तक्रार नाही.

शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार मीच लिहायचे. तेच गोल, सरळ अक्षर. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा चुकवलं नाही.

हवालदारानं कागद उचलून बघितला. "अक्षर मोत्यासारखं हाय की!" मग शिपायाकडे बघून हसला. "ह्यांच्यात पण असतंय व्हय असलं अक्षर?"

खरं सांगते, पहिल्या वाक्याला मला बरं वाटलं होतं. क्षणभरच. त्या क्षणाची मला आजही किळस येते. बाप समोर फरशीवर बसलाय, आणि मी शाबासकी घेतेय.

मी सही केली. खाली बाबांनीही केली. डाव्या हातानं. उजव्या हातात पेन राहीना.

सरकारी दवाखान्यात शिपाई पलंगाला खेटून उभा होता. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं. बाबा म्हणाले, "पडलो." तिथंही तेच लिहिलं गेलं.

तिसऱ्या दिवशी सुताच्या पेट्या सापडल्या. शेठच्याच दुसऱ्या गोदामात. त्यांनी निरोप धाडला, मोजण्यात चूक झाली, हात बरा झाला की कामावर या. हात बरा झाला नाही. हाड वाकडं जुळलं. अंगठा आणि बोट एकमेकांना भेटत नाहीत. तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येत नाही तो विणकर कसला? आई दुसऱ्याच्या शेडमध्ये सूत गुंडाळून कांड्या भरते, घर त्यावर चालतं. बाबा दिवसभर निळ्या कोटातल्या फोटोखाली बसतात आणि सुताच्या दोन तुकड्यांची गाठ मारून बघतात. गाठ निसटते. परत मारतात. कुणी विचारलं तर म्हणतात, पडलो.

मी कोल्हापुरात कायदा शिकायला आले. का आले, हे तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं. दुसऱ्या वर्षी सर अटकेचं कलम शिकवत होते. कायद्याचं नाव आता बदललंय, ती ओळ तशीच आहे. ज्याला अटक करायची तो शब्दानं किंवा कृतीनं ताब्यात आला, तर पोलिसानं त्याच्या अंगाला हात लावायचंही कारण नाही.

मी उभी राहिले. "सर, एखादा 'येतो' म्हणाला तर?"

"तर तो ताब्यात आला. संपलं. आणि नाहीच आला, तर पळून जाऊ नये एवढ्यापुरतंच बळ. त्याच्या वर काठीचं टोकसुद्धा नाही."

वर्ग वहीत लिहीत होता. मी पेन खाली ठेवलं. बाबांनी कायदा तंतोतंत पाळला होता. तो मोडला काठीवाल्यांनी. आणि त्यांच्यावर पांघरूण घातलं मी, मोत्यासारख्या अक्षरात. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं आणि ओक्साबोक्शी रडले.

ओळखीच्या वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी खोटं लिहून दिलं, असं तूच लिहून देणार. ते तुझ्यावर उलटू शकतं, बाळ. उद्या सनद घेताना प्रश्न निघेल. विचार कर."

विचार केला. एसटीनं गावी गेले. बाबांसमोर बसले आणि तक्रार देणार म्हणून सांगितलं.

"कशाला उकरतीस?" बाबा म्हणाले. "हात काय परत येणार हाय व्हय?"

"न्हाय यायचा."

"सही माझी हाय त्याच्यावर."

"डाव्या हाताची हाय, बाबा. आन् अक्षर माझं हाय."

त्यांनी हातातल्या सुताला पुन्हा गाठ मारून बघितली. मग म्हणाले, "तू लिवलंस तवापासनं मी पण सगळ्यांस्नी पडलोच म्हणून सांगतोय. पोरीचं लिवणं खोटं कसं पाडू?"

काठ्या खाताना न रडलेला माझा बाप तेव्हा रडला. इतकी वर्षं त्यांनी तुटका हात सांभाळला नव्हता. माझा खोटा कागद सांभाळला होता. याहून मोठी शिक्षा मला कुठलं कोर्ट देणार आहे?

जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात मी अर्ज घेऊन गेले. चार पानं, हातानं लिहिलेली. शेवटी माझी सही, खाली बाबांची. डाव्या हाताचीच, आता तीच त्यांची सही आहे. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "टाईप करून आणा."

"न्हाय. ह्येच अक्षर पायजे," मी म्हणाले. "चौकीतला जुना कागद काढा आणि ताडून बघा. दोन्ही मीच लिवलंय. पयलं खोटं हाय."

त्यानं मान वर करून बघितलं. "तुम्हीच अडकाल ह्यात, मॅडम."

"माहीत हाय. पोच द्या."

शिक्का मारून घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही. पोच माझ्याजवळ आहे. माझ्यावर गुन्हा दाखल झाला तर होऊ दे. सनद अडली तर अडू दे. जिथं बोलावतील तिथं जाईन, आणि पहिलं वाक्य हेच सांगेन: माझे वडील पडले नव्हते. ते 'येतो' म्हणाले होते.