अठ्ठाविसावा लाल टॅग

उद्धवराव शितोळे चाकणच्या एका कारखान्यात तपासनीस. एकोणीस वर्षं माणूस पार्ट मोजून बघतोय; खोट निघाली की लाल टॅग, चांगला असला की हिरवा. घरी आल्यावर तरी स्वस्थ बसतील तर शपथ! भाजीवाल्याकडची भेंडीसुद्धा मोडून बघणार.

थेरगावातल्या त्यांच्या सोसायटीत महिनाभर पाणी कमी येत होतं, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण मात्र धो धो. सगळा राग रहिमानवर. सोसायटीचाच गेटाजवळचा गाळा भाड्यानं घेऊन त्यानं नुकतंच गॅरेज टाकलेलं. गाड्या धुऊन तोच पाणी संपवतो, म्हणे. त्याला उठवायचा ठराव रविवारच्या मीटिंगला येणार होता.

उद्धवरावांचं कुतूहल वेगळंच. ही माणसं एवढ्या खात्रीनं बोलतात, ती कशाच्या जोरावर? त्यांनी डायरी काढली अन् एकेक मेसेज पार्टसारखा तपासायला घेतला. 'सगळेच म्हणतायत, म्हणजे खरंच असणार.' लाल टॅग! डोकी मोजली राव, पाणी कुठं मोजलं? मिनलताईंनी पुरावा मागितला, तर सनीचं उत्तर, 'तुम्ही भाडेकरू, तुम्ही बोलू नका.' लाल! मुद्दा राहिला बाजूला, गडी माणसावर घसरला. 'आज गॅरेज ठेवलं तर उद्या गेटात अख्खा बाजार भरेल.' अहो, मधल्या पायऱ्या कुठं गेल्या? तीन दिवसांत सत्तावीस लाल टॅग. उद्धवराव जाम खूश.

"एवढं तपासलंत," त्यांची बायको शालनबाई म्हणाली, "पण हे खूळ पहिल्यांदा काढलं कुणी?"

घ्या! हे डोक्यातच आलं नव्हतं. ते ग्रुप वर वर सरकवत गेले. या भांडणातला सगळ्यात जुना मेसेज होता, 'पाणी कमी झालंय. नवीन बदल काय? गेटाजवळ गॅरेज सुरू झालं.' ग्रुपवर आपला स्वतःचा मेसेज तेवढा हिरवा दिसतो. हा हिरवा होता.

कंपनीत खोट निघाली की पहिला प्रश्न हाच असतो, नवीन काय बदललं? माणूस, मशीन की माल? तीच सवय इथं नडली. पण कंपनीत त्यापुढं जाऊन मोजावं लागतं, आणि उद्धवराव गेटापर्यंतसुद्धा गेले नव्हते. गॅरेज आधी आलं, पाणी नंतर कमी झालं, एवढ्यावर एक माणूस चोर ठरला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी ते गॅरेजात गेले. "रहिमानभाई, नळ कुठाय तुमचा?"

"नळच नाही, उद्धवराव. हात धुवायला घरनं कॅन आणतो. गाड्या धूतच नाही आपण." रहिमान फडक्याला हात पुसत हसला. "एवढ्या सोसायटीत तुम्ही एकटेच विचारायला आलात. लई बरं वाटलं."

रहिमान ग्रुपवर नव्हता. गप्प राहिलं असतं तर त्याला कधीच कळलं नसतं. उद्धवरावांनी मोबाइल पुढं केला. रहिमाननं वाचलं, पुन्हा वाचलं. त्याचं हसू गेलं.

"चुकलं माझं," उद्धवराव म्हणाले. "आत्ता ग्रुपवर लिहितो."

"ग्रुपवर मी नाही. रविवारी मी समोर बसलेला असेन, तेव्हा उभं राहून बोला."

रविवारी ठराव वाचायच्या आधी उद्धवराव उठले. त्यांनी डायरी उघडली आणि अठ्ठाविसावा लाल टॅग मोठ्यानं वाचला, स्वतःच्या नावानिशी.