मशीनला कोण तपासतं?

काच दिसली की तिच्यावर नखाने दोन टिचक्या मारायच्या, ही काकांची सवय. भिंतीवरचं घड्याळ असो, विजेचा मीटर असो, नाहीतर दवाखान्यातला वजनकाटा. आधी टक टक, मग मान तिरकी करून आकड्याकडे बघणं, आणि मग ठरलेला प्रश्न. "मशीन माणसाला तपासतं, ठीक हाय. मशीनला कोण तपासतं?"

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. दुकानदाराने दिलेली नोट उजेडात धरून बघणारा, डॉक्टरने लिहिलेली गोळी केमिस्टला दोनदा विचारणारा. लांबून बघायला गंमत वाटते. माझ्या वाट्याला मात्र हे काका रोज सकाळी यायचे, तेही फोनवर.

मी नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. बरीच वर्षं आयसीयूत काढली, गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मला वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत बसवलं. त्या खोलीत पडदेच पडदे आहेत आणि पेशंट एकही नाही. पेशंट आपापल्या घरी असतात, कोणी कळवणला, कोणी विंचूरला, कोणी ओझरला. घरी जाताना आम्ही त्यांना एक किट देतो. त्यात दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा असतो, बोटाला लावायचा चिमटा असतो. सकाळी पट्टा बांधून बटण दाबलं की आकडे मोबाईलमार्फत आमच्या पडद्यावर येतात. ठीक असले तर हिरवे, नसले तर लाल. लाल दिसला की मी फोन करायचा आणि गरज पडली तर डॉक्टरांना व्हिडिओवर बोलवायचं.

थोडक्यात, माझं कामच संशय घेण्याचं. पेशंट "गोळी घेतली" म्हणाला म्हणजे घेतली असेलच असं नाही, आणि "तंबाखू सोडली" म्हणाला म्हणजे तर नक्कीच सोडली नाही. तेव्हा काका आणि मी, दोघंही एकाच माळेचे मणी. पण हे कळायला मला वेळ लागला.

ते ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्याने बनवलेला भाग हातात घ्यायचा आणि त्यात खोट शोधायची, यावर त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले तरी हात थांबेनात. बाजारात कोथिंबिरीची जुडी सोडून आतली काडी न् काडी बघायचे. भाजीवाल्या त्यांना लांबून येताना बघूनच तोंड फिरवायच्या, असं काकू सांगायच्या.

काकांचं हृदय अशक्त झालं म्हणून ते आमच्याकडे दाखल होते. घरी जायच्या दिवशी मी किट समजावून सांगायला खाली गेले. त्यांनी मशीन हातात घेतलं, टक टक केलं आणि विचारलं, "ह्याचं कॅलिब्रेशन कधी झालं?"

"काका, नवीन आहे. बॉक्स तुमच्यासमोर फोडला."

"नवीन हाय म्हणून बरोबर हाय का? नवी सून काय पहिल्याच दिवशी गोल भाकरी करती?"

शेजारी काकू उभ्या होत्या, पिशव्या भरत. त्या म्हणाल्या, "घ्या हो आता मुकाट्यानं. सिस्टरला दुसरी कामं नाय का?" एवढं बोलून त्या पटकन खाटेच्या कडेला टेकल्या. दिवसभर उभ्याच होत्या, मला वाटलं दमल्या असतील.

घरी गेल्यावर पहिल्याच फोनला काकांनी माझीच तपासणी घेतली. मी हॉस्पिटलातून बोलते यावर त्यांचा विश्वास नव्हता. आजकाल कोणीही फोन करतं, मुंबईत नाहीतर दिल्लीत बसतं आणि म्हणतं मी तुमच्या बँकेतून बोलते. त्यांचं म्हणणं चूक होतं असंही नाही. पावसाळ्याचे दिवस होते, गोदावरीला पूर होता. त्यांनी विचारलं, "नाशकातनं बोलती ना? मग सांग, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय?"

नदीपात्रातली ती मूर्ती मी येतानाच पुलावरून बघितली होती. "कमरेच्या वर," मी म्हटलं.

पलीकडे टीव्हीचा आवाज मोठा झाला. बहुतेक बातम्यांत ताडून बघितलं असेल. मग आवाज आला, "बरोबर. बोल आता."

एवढ्यावर मी पास झाले. मशीन मात्र पास होईना. शिवाय व्हिडिओ कॉल त्यांना बिलकूल चालत नसे. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर त्यांनी कागदाचा तुकडा चिकटवला होता. "घरात कॅमेरा म्हणजे दार उघडं टाकून झोपल्यासारखं," म्हणायचे. दंडाला पट्टा बांधू देत होते हेच पुष्कळ, म्हणून आम्हीही ताणून धरलं नाही.

थोडे दिवस बरे गेले आणि मग त्यांच्या नावापुढे लाल आकडे दिसू लागले. सकाळी नाडी ऐंशीच्या आसपास, अगदी झकास. पाच-दहा मिनिटांनी दुसरं रीडिंग, आणि त्यात नाडी चाळिशीच्याही खाली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी फोन केला.

"काका, चक्कर येते का? दम लागतो?"

"काय नाय. आत्ताच झाडांना पाणी घालून आलो. मी सांगत होतो ना, तुमचं मशीन चुकतंय. मी तपासलंय."

"कसं तपासलं?"

"आमची पद्धत असती," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नाडी कमी करणारी गोळी त्यांना चालू होती. एक घेतलेली विसरून दुसरी घेत असतील का? की आम्हाला खोटं पाडायला मशीनशी काही खेळ करतायत? डॉक्टरांनी त्यांना बोलावून ईसीजी काढला, तो ठीक निघाला. तरी खबरदारी म्हणून गोळी अर्धी केली. काकांच्या समाधानासाठी मशीनही बदलून दिलं. नव्या मशीनवरही तीच तऱ्हा, आधी ऐंशी, मग चाळीसच्या खाली.

"दोन्ही एकाच भट्टीतली," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. जन्मभर खोट काढणाऱ्या माणसाला घरबसल्या खोट सापडली होती.

डॉक्टर म्हणाले, हा माणूस काहीतरी लपवतोय. मलाही तसंच वाटत होतं. शेवटी मी काकांना त्यांच्याच भाषेत गाठलं. म्हटलं, "तुम्ही म्हणता मशीन खराब. मी म्हणते चांगलं. कारखान्यात अशा वेळी काय करायचे? दोघांनी एकत्र बसून बघायचे ना? मग तो कागद काढा आणि माझ्यासमोर रीडिंग घ्या."

हे त्यांना पटलं. कागद सोलून निघाला आणि पडद्यावर त्यांचं घर दिसलं. निळी भिंत, तिच्यावर कारखान्याने निवृत्तीला दिलेलं घड्याळ, आणि मोबाईलच्या अगदी जवळ काकांचं नाक. मग ते मागे सरकले, पट्टा बांधला, काचेवर टक टक केलं, बटण दाबलं. नाडी ऐंशीला दोन कमी.

"आता बघ हां," ते म्हणाले आणि आतल्या दिशेने हाक मारली, "अगं, ये गं."

काकू पदराला हात पुसत आल्या, खुर्चीत बसल्या आणि बांगड्या भरायला धरावा तसा हात पुढे केला. काकांनी आपल्या दंडाचा पट्टा सोडून त्यांच्या दंडाला बांधला.

"काका, हे काय करताय?"

"तपासतोय. कारखान्यात कुठलंबी मापाचं हत्यार वापरायच्या आधी मास्टरवर लावून बघायचं. मास्टर म्हणजे असा तुकडा की ज्याचं माप कधी चुकत नसतं. हत्यार त्याच्यावर चुकलं, म्हंजी हत्यार खराब." त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझी मास्टर. लग्न झाल्यापासून तापाची गोळी माहीत नाय हिला. माझी नाडी वरखाली होईल, हिची नाय होणार."

मशीन वाजलं. सदतीस.

"बघ! हाय का नाय खराब?"

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मी विचारलं, "काकू, चक्कर येते का हो?"

"मला काय धाड भरलीय!" काकू हसल्या. "वाकल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येती कधी. दोनदा बसले मोरीत. पण ते उन्हानं."

"तू पडलीस?" काका म्हणाले. "मला नाय सांगितलं?"

"तुमचंच दुखणं काय कमी होतं?"

मी म्हटलं, "काका, मशीन बाजूला ठेवा. काकूंच्या मनगटावर अंगठ्याच्या खाली तीन बोटं ठेवा. घड्याळाकडे बघून ठोके मोजा. मोठ्याने."

बोटं ठेवायची जागा त्यांना लवकर सापडेना. सापडली, तसे ते मोजू लागले. एक, म्हणाले. मग थांबले. दोन. पुन्हा थांबले. मधल्या वेळात ते घड्याळाकडे बघत आणि मग काकूंच्या तोंडाकडे. दहापर्यंतही न पोहोचता त्यांनी मोजणं सोडलं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "सिस्टर, मशीन बरोबर हाय."

मग मला फार बोलावं लागलं नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतून ते काकूंना घेऊन निघाले. वाटेत दहावा मैल म्हणतात त्या चौकात गाड्या अडकल्या होत्या, तिथून त्यांनी मला फोन केला. माझं ऐकण्यापेक्षा त्यांना मला काकूंचा श्वास ऐकवायचा होता. "ऐक, चालू हाय ना? ऐकू येतंय ना?" म्हणत ते मोबाईल काकूंच्या तोंडाशी धरत होते. मी "हो, हो" म्हणत राहिले. ऐकू काही येत नव्हतं, हॉर्नच येत होते.

काकूंच्या हृदयातला वीजप्रवाह मध्येच तुटत होता. पेसमेकर बसवला आणि त्या वाचल्या. काकांची अर्धी केलेली गोळीही डॉक्टरांनी पुन्हा पूर्ण केली. शस्त्रक्रियेआधी काकांनी डॉक्टरांकडे तो डबीएवढा पेसमेकर बघायला मागितला. हात लावू दिला नाही, तर त्याच्या खोक्यावर टिचक्या मारल्या. "ह्याला कोण तपासणार?" यावेळी कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा सही केली.

त्यानंतर काका बदलले म्हणावं तर तेही नाही. संशय होता तसाच होता, फक्त पद्धत उलटी झाली. काकूंच्या नावाने वेगळं किट दिलं होतं. ते काका आधी स्वतःला लावायचे. आपले आकडे त्यांना आता पाठ झाले होते. ते जुळले की मशीन पास, मग पट्टा काकूंच्या दंडाला. त्यामुळे काकूंच्या नावावर रोज दोन रीडिंग येत. नियमाने हे चुकीचं होतं. मी एकदा सांगून बघितलं, तर म्हणाले, "न तपासलेलं मशीन हिला लावू? एकदा फसलो तेवढं पुरे." मग आमच्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक झालं, पहिलं काकांचं आणि दुसरं काकूंचं.

काका गेले ते एका दुपारी. बाजारातून आले, पिशवी ठेवली, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. शेजाऱ्यांनी फोनवर सांगितलं. मी त्या सकाळचं त्यांचं रीडिंग पुन्हा काढून बघितलं. बीपी ठीक, नाडी ठीक, ऑक्सिजन ठीक. सगळे आकडे हिरवेगार. त्या हिरव्या रंगाचा मला इतका राग आला की मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. काका असते तर काचेवर टिचकी मारून म्हणाले असते, "मी काय सांगत होतो?" मी रडले. पेशंटसाठी मी सहसा रडत नाही.

पुढे काही दिवस काकूंच्या नावासमोर काहीच आलं नाही. तेरावं झाल्यावर एका सकाळी रीडिंग आलं. एकच. सवयीने मी दुसऱ्याची वाट बघत बसले, आणि मग फोन लावला.

"काकू, नाडी छान आहे. बरं केलंत लावलंत ते."

"लावलं गं. ते म्हणायचे, चुकवायचं नाय." मागून टक टक ऐकू आलं. "पण एक विचारू का? ते आधी स्वतःला लावायचे, मग मला. आता मशीन बरोबर हाय का नाय, कसं कळायचं? आधी कोणाला लावू?"

मशीन नवीन आहे, आम्ही ते तपासून देतो, सगळं तोंडाशी आलं होतं.

"मला लावा, काकू," मी म्हटलं. "रविवारी सुट्टी असते माझी. येते मी ओझरला."