पाचातले दोन शब्द

सिओनेने कुणालाही आडवा केला की आधी हात देऊन उठवायचा आणि म्हणायचा, "सॉरी, भाई." एकशेवीस किलोचा टोंगन माणूस अंगावर वाकून सॉरी म्हणतो तेव्हा खाली पडलेला आणखी घाबरतो, हे त्याला कधी कळलं नाही.

मी दुबईत अल बर्शातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट. शनिवारी संध्याकाळी एका हौशी रग्बी लीग क्लबच्या मैदानावर पट्ट्या बांधायला जायचे. सिओने फॉरवर्ड, म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या घोळक्यात घुसायचं काम त्याचं. सामन्यातली पहिली धडक तो दुसऱ्या कुणाला घेऊच देत नसे. अठराव्या वर्षी पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचं गाव सोडून ऑस्ट्रेलिया, मग इंग्लंडचा चिखल, सगळीकडे दुय्यम संघ. आणि अडतिसाव्या वर्षी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका गोदामात सुपरवायझर. राहायला शारजा, त्यामुळे रोजचे तीन तास ट्रॅफिकमध्ये. हिंदी गोदामातच शिकला होता. कुठे दुखतं विचारलं, की ठरलेलं उत्तर: "थोडा थोडा, दीदी." गुडघा नारळाएवढा सुजला तरी थोडा थोडाच.

"अब बस करो ना," मी एकदा वैतागून म्हटलं.

"गोदाम में मैं सिर्फ सुपरवायझर, दीदी. इधर मैं सिओने."

मी पट्टी बांधली.

हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडूची एक चाचणी घेतात. पाच शब्द सांगायचे, थोड्या वेळाने विचारायचे, आठवले तितके फाइलमध्ये लिहायचे. पुढे डोक्याला मार लागला, की पुन्हा विचारून ताडून पाहायचं. सिओनेला दोनच आठवले. शारजाहून दमून आलाय बिचारा, असं म्हणत मी दोन लिहिले.

फेब्रुवारीत एका सामन्यात पहिल्याच धडकेला तो डोक्यावर आपटला. बाजूला बसवून मी पुन्हा पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. दोन आले. "सेम टू सेम, दीदी," तो हसला. कागद जुळत होता. मी त्याला आत सोडलं.

दहा मिनिटांनी त्याने एकाला आडवा केला आणि न उठवता, सॉरी न म्हणता, तसाच पार्किंगकडे चालत सुटला. मी धावत जाऊन गाठलं, तर माझ्याशी टोंगन भाषेत बोलायला लागला, घरच्या कुणाशी बोलावं तसं, हळू आवाजात. त्याला थेट हॉस्पिटलमध्ये नेलं.

आठवड्याने त्याने कबूल केलं. "पहले दिन पाँचो याद थे, दीदी. बहुत फॉरवर्ड ऐसा करते हैं. पहले कम बोलो, बाद में कोई पकड़ेगा नहीं."

मला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. माझ्या मुलीच्या परीक्षेची तारीख लक्षात ठेवणाऱ्या माणसाला दोनच शब्द कसे आठवतील, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

"खलास, सिओने," मी म्हटलं. त्याने वाद घातला नाही. इतका थकलेला तो मला कधीच दिसला नव्हता.

टोंगाला परत जाण्याच्या आदल्या दिवशी तो क्लिनिकमध्ये आला. "आज असली टेस्ट लो."

खजूर, चाबी, घोडा, बारिश, खिडकी. मी दहा मिनिटं त्याचा गुडघा चोळला आणि मग विचारलं. त्याने डोळे मिटले.

"खजूर. घोडा." त्याने बोटं मोजली. "खिडकी."

तो कपाळ चोळत राहिला.

"तीन ही हैं, दीदी. लेकिन सच्चे हैं. लिख लो."

मी तीन लिहिले.