सलाईनवरची मोटार आणि साखऱ्याचे दोन मैल

"पेट्रोल पिणारी मोटार आणि दूध पिणारी माणसं, दोन्ही एका घरात पोसायला मला जमणार नाही," असं आईनं जाहीर केलं आणि आमचा प्रवास ठरला.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. पेट्रोलचे भाव नुकतेच कडाडले होते. आपली हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. बाबा गुरांचे सरकारी डॉक्टर, आई शाळेत गणित शिकवायची, आणि मी नांदेडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, रसायनशास्त्र घेऊन. घरातली चौथी मेंबर म्हणजे गोल पाठीची एक जुनी काळी मोटार. आमच्याकडे येईपर्यंत तिचे दोन मालक होऊन गेले होते आणि दोघांनीही विकल्यावर पुन्हा तिचं नाव काढलं नव्हतं.

आईचा हुकूम स्वच्छ होता. साखऱ्याला जाऊन या. लिटरला दहा किलोमीटर पडले तर गाडी राहील, नाही तर तेलाच्या गिरणीचे मालक घ्यायला टपलेलेच होते.

साखरा हे बाबांचं गाव. त्यांची थोरली बहीण, माझी गया आत्या, तिथंच राहायची. आजी-आजोबा लवकर गेले आणि आत्यानं मजुरी करून बाबांना शिकवलं. तिनं धाकट्या भावाकडं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती: फाट्यापासून गावापर्यंत, चावडीपुढून, मोटारीत बसून जायचं. तो दोन मैलांचा रस्ता ती जन्मभर पायी तुडवत आली होती. तिच्या लहानपणी वडिलांचं बोट धरून चावडीपुढून जाताना पायताण काढून हातात घ्यावं लागायचं. पुढं आम्ही बौद्ध झालो, बाबा डॉक्टर झाले, पायताणाचा नियमही गेला. पण आत्या तिथं आली की अजून पदर सावरून भराभर चालायची. गाडी विकली गेली तर तिचं मागणं राहून जाणार, ही बाबांची खरी धास्ती होती.

पहिला दिवस: हिंगोली ते कळमनुरी

बाबांचं सगळं शास्त्र म्हशीपासून सुरू व्हायचं. म्हशीला सरकी घातली की दूध वाढतं, तसं मोटारीला उंची पेट्रोल घातलं की ॲव्हरेज वाढणार. म्हणून त्यांनी एका ट्रकवाल्याकडून नांदेडहून त्र्याण्णव ऑक्टेनचं महागडं पेट्रोल कॅनमध्ये मागवलं. साखऱ्याच्या आधी चाचणी हवी म्हणून आम्ही कळमनुरीला निघालो.

चाचणीची पद्धत मात्र खास गुरांच्या दवाखान्यातली. एक लिटर पेट्रोल सलाईनच्या बाटलीत भरलं, बाटली बॉनेटच्या कडेला उलटी टांगली आणि नळी थेट कार्बुरेटरला जोडली. बॉनेट अर्धवट उघडं, सुतळीनं बांधलेलं. मी डावीकडच्या खिडकीतून मान बाहेर काढून बाटलीवर लक्ष ठेवायचं आणि ती संपली की मीटर टिपून पुन्हा भरायची. (हा प्रकार घरी करू नका. आम्ही जिवंत राहिलो त्यात अकलेचा भाग काही नाही.)

कळमनुरीत आठवडी बाजार भरला होता. आम्ही थांबलो तसे बैलबाजारातले लोक गाडीभोवती गोळा झाले.

"डाक्टरसाब, मोटारीला सलाईन लावून राहिले का?" एकानं विचारलं.

"व्हय. अशक्तपणा हाय," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"जुलाब लागलेत का?"

"तसंच समजा. जेवढं पाजतो तेवढं जाऊन राहिलं."

लोकांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्यानं टायर दाबून पाहिलं आणि गूळ-हळदीचा उपाय सुचवला. बाजूच्या हॉटेलात चहा-भजी फर्मास होती, दोघांचं रुपयाच्या आत भागलं. आजही त्या रस्त्यानं नांदेडला जाणार असाल तर भज्यांसाठी थांबा, मिरच्या मात्र बेतानं खा.

जाताना साधं पेट्रोल, येताना महागडं. गाडीचं मीटर मैलात, बाटली लिटरची आणि आईचा हुकूम किलोमीटरमध्ये, त्यामुळे गणित मीच केलं. दोन्ही वेळा साडेनऊ. बाबांचा चेहरा उतरला.

मी त्यांना समजावलं, "बाबा, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात पेट्रोलची वाफ दाबली जाते. ठिणगी पडायच्या आधी ती आपणहून पेटली तर टकटक होते. आकडा मोठा असला की ती दाब जास्त सोसते, एवढंच. आपलं जुनं इंजिन फार दाबतच नाही. त्याला हे महागडं पाजून फायदा काय?"

"म्हणजे हे सोशिक पेट्रोल हाय."

"हो."

"मग सोशिक चांगलंच की!" बाबा म्हणाले. जरा विचार करून त्यांनी निदान केलं, "खुराक अंगी लागायला एक दिवस जातो. उद्या बघ."

दुसरा दिवस: पुसेगाव आणि पुढं

त्या एका निदानापायी आमची फजिती झाली. खुराक अंगी लागला असं धरून बाबांनी लिटरला बारा किलोमीटरचा हिशेब केला आणि तेवढंच पेट्रोल टाकीत ओतलं. रस्ता खडी उखडलेला, कडेला काळी माती आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. पुसेगाव जवळ आलं आणि गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली.

गावात एका दुकानदाराकडं पिंपातलं पेट्रोल मिळायचं. मी दोन थेंब हाताच्या पाठीवर घेतले. पेट्रोल भुर्रकन उडून जातं, हे तेलकट डाग सोडून बसलं. वासही स्टोव्हचा.

"काका, यात रॉकेल आहे," मी म्हणाले.

"थोडं असंल," दुकानदार जराही न लाजता म्हणाला. "रस्त्यानं धक्के बसले की होतं बराबर मिक्स."

मी बाबांना सांगितलं, रॉकेलला दाब अजिबात सोसत नाही, इंजिन ठोके देईल, धूर काढेल, ॲव्हरेजचं वाटोळं होईल. बाबांना ते कळत होतं. ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "आक्का सकाळपासून फाट्यावर उभी असंल." मग मी पाच लिटर घेतलं.

पुढचा रस्ता आठवला की अजून माझे दात वाजतात. जरा चढ आला की इंजिनातून लोहाराच्या भात्याशेजारी ऐकू येते तशी टकटक, मागं धुराचा लोट. बाबांनी गाडी थांबवून बॉनेटला स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पोटफुगी." मग पाय हलका ठेवून, बैलगाडीच्या वेगानं, गोंजारत गोंजारत त्यांनी ती साखऱ्याच्या फाट्यावर आणली. तिथं ती बंद पडली, ती पडलीच.

आत्या लिंबाखाली उभी होती. नवं हिरवं लुगडं नेसलेली, हातात भाकरी-ठेच्याचं गाठोडं. ती दार उघडून मागच्या सीटवर ताठ बसली.

"चल," ती म्हणाली.

"आक्का, बंद पडली गं."

"आता काहून बंद पडली? इतका वेळ तर येऊन राहिली होती!"

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात गावाकडं जाणारी एक रिकामी बैलगाडी थांबली. ती हाकत होते किसनराव पाटील, ज्यांच्या बापजाद्यांनी त्या चावडीवर बसून गाव चालवलं. त्यांनी गाडीकडं पाहिलं, आत बसलेल्या आत्याकडं पाहिलं, मग बाबांना म्हणाले, "डाक्टर, जित्राबं तुमीच जगवलेली हायेत. ओढतील."

त्यांनी बैल सोडून मोटारीला जुंपले. बाबा स्टिअरिंगवर, मी शेजारी, पाटील कासरा धरून पुढं पायी. आत्याला कुणी उतरायला सांगितलं नाही आणि तीही उतरली नाही. दोन मैल आम्ही तसे गेलो. वेशीत शिरलो तर सगळं गाव रस्त्यावर.

चावडीपुढं बैल थांबले. तिथं हौद आहे, आणि पाटलांचे बैल रोज शेतातून येताना त्या हौदावर पाणी प्यायचे. पाटलांनी ओढलं, हाकललं, शिव्या घातल्या, बैल ढिम्म. सावकाश, मजेत पाणी पीत राहिले. चावडीच्या ओट्यावरचे म्हातारे बघत होते आणि आत्या खिडकीची काच खाली करून त्यांच्याकडं बघत होती. या वेळी पदर सावरायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

"गयाबाई, कसं काय?" ओट्यावरून एकानं विचारलं.

"बरं हाय. बसा, बसा," आत्या गाडीतूनच म्हणाली.

परत घरी

दुसऱ्या दिवशी सेनगावहून चांगलं पेट्रोल आणवलं, टाकीतलं घाण पेट्रोल मोजून काढलं, कार्बुरेटर धुतला. गाडी मुकाट्यानं सुरू झाली. आत्या आमच्याबरोबर हिंगोलीला आली.

आईनं दारातच हिशेब घेतला. पेट्रोल जळालं आठ लिटर. मीटरवर पन्नास मैल, म्हणजे ऐंशी किलोमीटर. बरोबर दहा! आईचा चेहरा खुलला. पण बाबांनी आयुष्यात गाईचा खोटा दाखला दिला नव्हता. ते खाली मान घालून म्हणाले, "त्यातले दोन मैल बैलांनी ओढलंय. ते वजा कर. दहा भरत न्हाईत."

आईनं पेन्सिल उचलली. तेवढ्यात आत्या उठली आणि तिनं आईच्या कागदावर हात ठेवला.

"मास्तरीणबाई, बाकीचे किती बी कापा. ते दोन मैल मी बसून आले. त्यातलं एक पाऊल कापू देणार न्हाई."

गणितात अर्ध्या मार्काचीही सूट न देणाऱ्या माझ्या आईनं पेन्सिल ठेवून दिली. गाडी पुढं नऊ वर्षं आमच्याकडं होती.

आता लोक मला विचारतात, महागडं पेट्रोल घातलं की गाडी जास्त पळते का. मी सांगते, इंजिनाला जे सोसतं ते घाला, स्वच्छ घाला, आणि पाय हलका ठेवा. आमच्या गाडीचं खरं ॲव्हरेज विचारलं तर मात्र मी आजही दहाच सांगते.