थेंबभर गळू दे

माझं वाफेचं इंजिन चाललं ते नागावच्या बोटीवाल्या काकांमुळे, हे आधी सांगतो. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. मी काम करतो त्या होमस्टेला ते मासळी द्यायला यायचे, टोपी सारखी मागेपुढे सरकवत.

मी नांदेडकडचा. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून हाती घेतलेलं अर्धवटच राहणार अशी धास्ती बसली. म्हणून हे पितळेचं वीतभर इंजिन तरी पुरं करायचंच होतं. सगळं जमलं, पण चाक फिरवणारा दांडा जिथून बाहेर येतो, तिथे त्याच्याभोवतीनं वाफ गळायची. तिथला नट आवळला की चाक अडकायचं.

एकदा काका माझ्या खोलीच्या दारात थांबले. "गळा आवळतोस काय रे त्याचा?"

"वाफ वाया जाते, काका."

त्यांनी गाडीच्या डिकीतून बोटीचा ग्रीस लावलेला दोर आणला, त्याचा एक पदर सोडवून नटाच्या आत दांड्याभोवती गुंडाळला आणि नट नुसत्या बोटांनी आवळला.

"थेंबभर गळू दे. बोटीच्या पंख्याच्या दांड्याला पन आमी थेंब सोडतो. न्हायतर घासून जळतो तो."

मी पुन्हा इंजिनाखाली बत्ती पेटवली. चाक डगमगलं, मग फिरतच राहिलं. नटापाशी एक थेंब जमला. मी आपसूक पाना उचलला.

"ठेव तो खाली," काका म्हणाले आणि टोपी मागे सारून बघत बसले.

आता खोलीत इंजिन चालतं, थेंब पडतो, आणि मी निवांत बसतो. कधीतरी त्यांच्या बोटीच्या पंख्याच्या दांड्याला मी स्वतः दोर भरून देईन, आणि थेंबाची जागा ठेवीन.